मदत हवी: संगीतकार शोनबर्ग, व्हेरिएशन्स फॉर ऑर्केस्ट्रा (ओपस 31), बार (मात्रांचा गट) 39 नंतर स्वरमाला (बारा स्वरांचा ठरलेला क्रम) जुळत नाही

काळी_चार:
बार 34 ला चेलोवर थीम (मूळ धून) सुरू होते. पहिले पाच बार बरोबर आहेत: बी फ्लॅट, ई, एफ शार्प, ई फ्लॅट, एफ, ए, डी, सी शार्प, जी, जी शार्प, बी, सी. बार 39 ला मात्र चेलो एफ, एफ शार्प, ए, बी फ्लॅट असा निघतो. माला पालथी करून (वरचं स्वरांतर खाली) शेवटाकडून वाचली तर माझी सुरुवात जी शार्पवर येते. बार 51 पासून तर चेलोत माला सापडतच नाही. चौथ्या व्हेरिएशनमध्ये (थीमच्या बदललेल्या रूपात) 'एच' खुणेच्या ओळीतही थीम नाही. कुठे चुकतंय?

मंद्र_पंचम:
रीत बरोबर आहे, सुरुवातीचा स्वर चुकला. पालथी माला 'जी' स्वरावरून मांडा, म्हणजे तीन अर्धस्वर खाली: जी, सी शार्प, बी, डी, सी, जी शार्प, ई फ्लॅट, ई, बी फ्लॅट, ए, एफ शार्प, एफ. ही शेवटाकडून वाचली की बार 39 ते 45. बार 46 ते 50 म्हणजे मूळ माला शेवटाकडून, सीपासून. 51 ला जीची पालथी सरळ येते, पण पहिल्या व्हायोलिनकडे; चेलो तिथे जोडीची वेगळी चाल धरतो.

जीच का? तिचे पहिले सहा स्वर म्हणजे मूळ मालेचे शेवटचे सहा, क्रम तेवढा वेगळा. त्यामुळे दोन्ही माला एकाच वेळी चालल्या तरी स्वर एकमेकांवर आदळत नाहीत. थीमच्या सुरुवातीला हेच तपासा: चाल 5, 4, 3 स्वरांच्या गटांत जाते आणि खालचे कॉर्डही जीच्या पालथीतले 5, 4, 3 स्वरांचे.

टिपेचा_सा:
'एच' म्हणजे मुख्य आवाज, थीम नव्हे. ही गफलत फार जण करतात. चौथं व्हेरिएशन वॉल्ट्झच्या लयीतलं आहे आणि थीम हार्प, सेलेस्टा, मॅन्डोलिन यांच्या साथीत दडवली आहे. पहिल्यात ती खर्जातल्या वाद्यांकडे. दुसऱ्यात पालथी, सोलो व्हायोलिन आणि ओबो यांच्या कॅननमध्ये (एकच चाल एकामागून एक). थीमला आधी पेन्सिलने वेगळी खूण करा, मग 'एच'कडे बघा.

प्रास्ताविकात ट्रॉम्बोनवर संगीतकार बाखचं नाव (बी-ए-सी-एच) स्वरांत येतं, तिथेही अडाल. जर्मन नावांत 'बी' म्हणजे बी फ्लॅट आणि 'एच' म्हणजे आपला बी. म्हणून बी फ्लॅट, ए, सी, बी. मूळ मालेत हे पहिला, सहावा, बारावा, अकरावा असे विखुरलेले आहेत, सलग शोधू नका.

काळी_चार:
39 आणि 51 दोन्ही जुळले. सातव्यात थीम कुठे?

टिपेचा_सा:
पिकोलो, ग्लॉकनश्पील, सोलो व्हायोलिन. अगदी टिपेला आणि अतिशय हळू आवाजात. फोनच्या स्पीकरवर हाती लागणार नाही, हेडफोन लावा.