मदत हवी आहे : भावाच्या चेहऱ्यावरची एनएफची गाठ, दुसऱ्यांदा ऑपरेशन करावं का?

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतेय, लांबला तर सांभाळून घ्या.

धाकटा भाऊ, वय २३, आम्ही धायरीला राहतो. त्याला न्यूरोफायब्रोमॅटोसिस टाइप १ (एनएफ, मज्जातंतूंवर गाठी येण्याचा जन्मजात आजार) आहे आणि डाव्या पापणीपासून गालापर्यंत प्लेक्सिफॉर्म गाठ, गाठ म्हणजे सुपारीसारखी गोल नाही हो, मऊ लोंबती पिशवीच, हाताला आत सुतळीचा गुंता असल्यासारखं लागतं. पापणी इतकी जड झालीये की वाचताना मायक्रोपोरच्या पट्टीने ती कपाळाला चिकटवून ठेवतो, आणि पट्टी ओढून ओढून त्या बाजूला भुवईच राहिली नाहीये. कोरोनात मास्क नि गॉगल लावून फिरायचा, तेवढाच काय तो मोकळा वावरला.

आजी शेवटपर्यंत म्हणायची की सुनेने ग्रहण पाळलं नाही, विळीवर भाजी चिरली म्हणून पोर असं झालं, आणि आईने ते वीस वर्षं ऐकून घेतलं. मग गेल्या वर्षी एका डॉक्टरीणबाईंनी बाबांना शर्ट काढायला लावला तर पाठीवर कॉफीच्या रंगाचे नऊ-दहा डाग आणि चण्याएवढ्या गाठी, ज्यांना आम्ही कायम चामखीळ म्हणत आलो. म्हणजे बाबांनाही एनएफच. आईबापांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता असते म्हणे. मी सुटले, तो नाही.

मुद्द्यावर येते. २०१४ ला एका हॉस्पिटलमध्ये ऑपरेशन झालं होतं, तासाभराचं काम आहे म्हणाले. आत रक्त थांबेना, या गाठीत रक्तवाहिन्या भरपूर आणि ठिसूळ असतात हे आम्हाला नंतर कळलं, थोडीशी काढून टाके घालून बाहेर आणलं, आणि पाच-सहा वर्षांत परत होती तेवढी. डिस्चार्ज कार्डवर एक ओळ, त्यातही बाजू चुकीची लिहिलेली!!

आताचे सर्जन म्हणतात पूर्ण काढता येणार नाही, गाठ नसांतच, म्हणजे मज्जातंतूंतच वाढलीये, वजन कमी करू म्हणजे डिबल्किंग, आणि पापणी उचलून शिवू. आदल्या दिवशी मांडीतून नळी घालून रक्तवाहिन्या बंद करणार. चेहऱ्याची नस दुखावली तर ती बाजू लुळी पडू शकते हेही सांगितलं, निदान या वेळी सांगितलं तरी. भाऊ म्हणतो, देखणं नको, पट्टीशिवाय वाचता आलं तरी बास.

कोणाच्या घरी असं ऑपरेशन झालंय का? परत किती वर्षांत वाढली? आणि गोळ्यांबद्दल काही माहितीये का, आणि जनआरोग्य योजनेत यातलं काही बसतं का?

प्रतिसाद १
ताई, माझ्या मिस्टरांचं दोन टप्प्यांत झालंय, कानापाशी होती. वाढ मंदावली पण थांबली नाही, तेव्हा एकदाच करून सुटलो असं मनात धरू नका. सर्जनना विचारा की डोळ्यांचे प्लास्टिक सर्जन सोबत असणार का, रक्ताच्या किती पिशव्या तयार ठेवणार. एमआरआयबरोबर सीटी पण करा, एनएफमध्ये डोळ्यामागचं हाड कधीकधी अपुरं असतं. गोळ्यांचं म्हणाल तर सेलुमेटिनिबला अमेरिकेत २०२० मध्ये मंजुरी मिळाली पण तेव्हा लहान मुलांसाठीच, २०२५ मध्ये मिरडामेटिनिबला मोठ्यांसाठीही मिळाली. बऱ्याच जणांची गाठ आटते, नाहीशी होत नाही, आणि किंमत ऐकून आम्ही तिथेच थांबलो. योजनेचं आरोग्यमित्रांना विचारा, हॉस्पिटलात त्यांचा डेस्क असतो.
गाठ दुखते का? एकदम भराभर वाढली का? तसं असेल तर ऑपरेशन राहू दे, आधी कॅन्सरची तपासणी. आणि बाबांचं बीपी बघितलंय का कधी? एनएफमध्ये तेही वाढू शकतं.

धागाकर्ती
खूप आभार. दुखत नाही, वाढ पण हळूच आहे. सीटीचं उद्याच विचारते. बाबा म्हणतात आता माझं काय तपासायचं, पण आईने भावाच्या फायलीत त्यांचंही आधार कार्ड घालून ठेवलंय.