आयव्हीएफनंतरचे नऊ महिने: तुमचे अनुभव सांगा

बीटा (गरोदरपणाची रक्तचाचणी) पॉझिटिव्ह आली की सगळे अभिनंदन करून मोकळे होतात. पुढचे महिने कसे गेले हे कुणी विचारत नाही. म्हणून हा धागा. सुरुवात मीच करते. थोरली आयव्हीएफची, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबी, धाकट्याच्या वेळी आपोआप दिवस राहिले. थोरलीच्या वेळी वार (प्लासेंटा) खाली, गर्भाशयाच्या तोंडाशी होती. आयव्हीएफमध्ये हे थोडं जास्त दिसतं, असं डॉक्टर म्हणाल्या. मधूनच लाल डाग दिसायचा आणि हातपाय गार पडायचे. शेवटी छत्तिसाव्या आठवड्यात सिझेरियन झालं. मुलगी छान आहे. धाकट्याच्या वेळी वार वर होती, त्रास काहीच नाही. तुमचंही लिहा, सुरळीत पार पडलं असेल तरीही.

जुळ्यांची आई: आम्ही दोन एम्ब्रियो (प्रयोगशाळेत तयार केलेले गर्भ) गर्भाशयात ट्रान्सफर करून घेतले, दोन्ही रुजले. तेहतिसाव्या आठवड्यात बाळंत झाले. पेटीतल्या बाळाच्या नाकातली नळी बघवत नव्हती. दुधाचे थेंब सिरिंजमधून जायचे, मग छातीशी धरून बसायचं, तेवढाच आधार. आयव्हीएफची बाळं लवकर येतात त्याचं मोठं कारण जुळी-तिळी हेच असतं. म्हणून एका वेळी एकच एम्ब्रियो ठेवण्याबद्दल डॉक्टरांशी नीट बोला. एकुलत्या बाळातही धोका किंचित जास्त राहतो, पण जुळ्यांइतका नाही.

एक बाबा: आमच्याकडे काहीच घडलं नाही, हे मुद्दाम लिहितोय. एकच एम्ब्रियो, पूर्ण दिवस भरले, नॉर्मल डिलिव्हरी. पाच दिवसांचा एम्ब्रियो असेल तर बाळंतपणाच्या अंदाजे तारखेसाठी ट्रान्सफरपासून २६१ दिवस मोजायचे, पाळीची तारीख शोधत बसावं लागत नाही.

फ्रोझन ट्रान्सफरवाली: माझं बीपी आठव्या महिन्यात चढलं. गोळ्यांनी गर्भाशयाचं अस्तर तयार करून गोठवलेल्या एम्ब्रियोचं ट्रान्सफर केलं होतं. त्या पद्धतीत बीजच फुटत नाही, त्यामुळे त्यानंतर अंडाशयात तयार होणारा कॉर्पस ल्युटियमही (हार्मोन्स बनवणारी तात्पुरती ग्रंथी) नसतो, आणि अशा गर्भारपणात बीपीचा त्रास जास्त आढळतो. पाळी नियमित असेल तर नैसर्गिक सायकलमध्ये, म्हणजे आपलं बीज फुटतं त्या पाळीच्या चक्रात, ट्रान्सफर होईल का, हे जरूर विचारा. बीपीच्या त्रासापासून बचावासाठी कमी डोसची ॲस्पिरिन लागेल का, हेही तिसरा महिना संपताना विचारून ठेवा. स्वतःहून मात्र सुरू करू नका.

पीसीओएस असलेली: मी थोडी वेगळी बाजू मांडते. कित्येक वर्षं वाट पाहिल्यावर मला नैसर्गिकच दिवस राहिले, तरी गर्भारपणात शुगर वाढली. ती पीसीओएसची (अंडाशयाशी संबंधित हार्मोन्सच्या बिघाडाची) देणगी. ज्यांना दिवस राहायला वर्षाहून जास्त लागतं, त्यांच्यात उपचार न घेताही काही गुंतागुंती जरा जास्त दिसतात. तेव्हा सगळा दोष आयव्हीएफवर टाकणं मला पटत नाही. व्यंगाची भीती वाटणाऱ्यांनाही सांगते, धोका थोडा वाढलेला दिसतो हे खरं, पण बहुतेक बाळं निरोगीच जन्मतात. ॲनॉमली स्कॅन (बाळात व्यंग आहे का हे बघणारी सोनोग्राफी) वेळेवर करा आणि उपचारांची सगळी फाईल बाळंतपणाच्या डॉक्टरांना दाखवा. माझ्या बहिणीने आयव्हीएफचं सांगितलंच नव्हतं, लोकांना कळेल म्हणून.