'विड्रॉ' म्हणजे सर्वत्र 'मागे घेणे' नव्हे

पंचवटीकर:
इंग्रजी 'विड्रॉ' जसे पैसे, उमेदवारी, कायदा आणि सैन्य या सर्वांना पुरते, तसे मराठीनेही सर्वत्र 'मागे घेणे' वापरावे, असा आग्रह इथे काल धरण्यात आला. आपण खात्यातून पैसे काढतो आणि अर्ज मागे घेतो. दावा वादीने काढून घेतला की न्यायालयाने काढून टाकला, यावर तर पुढचे सारे अवलंबून असते. माझ्या चुलत्यांनी जमिनीचा दावा नव्याने दाखल करण्याची मुभा न मागताच काढून घेतला आणि दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 23 मुळे त्याच मागणीसाठी दुसरा दावा लावण्याची वाट बंद झाली.

आग्रहकर्ता:
सहानुभूती आहे, परंतु दोष सल्ला देणाऱ्याचा, क्रियापदाचा नव्हे. अर्थ संदर्भावरून कळतो, मराठी वाचक इतका मंद नाही.

गंगापूर रोड:
19 मे 2023 रोजी रिझर्व्ह बँकेने दोन हजारांच्या नोटा चलनातून काढून घेत असल्याचे जाहीर केले, त्यांची वैधता मात्र कायम ठेवली. तरीही 2016 सारखी नोटाबंदी झाली असे समजून आमच्या दुकानदाराने माझी नोट नाकारली. संदर्भ तेव्हा कोठे गेला होता?

निफाडकर:
नोट बँकेत बदलून मिळाली असेल, कांदा बदलून मिळत नाही. ऑगस्ट 2023 मध्ये 40 टक्के निर्यातशुल्क लागले, डिसेंबरात निर्यातबंदी आली, मे 2024 मध्ये बंदी उठली पण 40 टक्के शुल्क राहिले, सप्टेंबरात ते 20 टक्क्यांवर आले आणि 1 एप्रिल 2025 पासून हटले. बंदी उठली तेव्हा 'सरकारने मागे घेतले' एवढेच ऐकून मी कांदा साठवलेली चाळ फोडली, आणि शुल्क कायम असल्याचे लासलगावच्या बाजारात भाव ऐकताना कळले.

आग्रहकर्ता:
चर्चा भाषेची आहे, बाजारभावाची नाही.

निफाडकर:
उठणे, घटणे आणि हटणे यांतला फरक भाषेचाच आहे. आपण एकदा चाळ भरून पाहावी, मग शब्दांची काटकसर शिकवावी.

आग्रहकर्ता:
ठीक आहे, पैसे 'काढावेत', दावा 'काढून घ्यावा' आणि शुल्क 'हटवावे', विद्वानांची इच्छा. सैन्याच्या बाबतीत मात्र 'मागे घेणे'च ठेवा, कारण 'माघार' या शब्दाला पराभवाचा वास येतो.

पंचवटीकर:
सैन्यापुरते मान्य. उमेदवारांविषयी तसे वाटत असेल, तर माघारीच्या दिवशी निवडणूक कार्यालयाबाहेर थोडा वेळ उभे राहावे. तिथून बाहेर पडणारे काही जण फारच समाधानी दिसतात.