पहिली ठासणीची बंदूक कोणती घ्यावी? (हरणाची शिकार, पेनसिल्व्हेनिया)

चेस्टरकर

नमस्कार मंडळी. आम्ही फिलाडेल्फियाच्या पश्चिमेला, चेस्टर काउंटीत राहतो. हंटर एज्युकेशनचा कोर्स नुकताच पूर्ण केला आणि लायसन्स काढलं. ओळखीच्या एका शेतकऱ्याने त्याच्या मक्याच्या शेताला लागून असलेल्या रानात बसायची परवानगी दिली आहे. हरणं त्याचं पीक फार खातात.

आमचा भाग स्पेशल रेग्युलेशन्स एरियात येतो, म्हणजे हरणासाठी नेहमीची सेंटरफायर, म्हणजे काडतुसाची, रायफल इथे चालत नाही. शॉटगन किंवा मझललोडर, म्हणजे तोंडातून दारू-गोळी ठासून भरायची बंदूक, चालते. मला मझललोडरच शिकायची आहे. एकच गोळी, शांतपणे भरायची, शांतपणे झाडायची, ही पद्धत मला मनापासून आवडली.

पण दुकानात गेलो आणि गोंधळून परत आलो. इनलाइन (नवी, दारूच्या थेट मागे प्रायमर, म्हणजे पेटवणारी टोपी, बसणारी) घ्यावी की फ्लिंटलॉक (जुनी, चकमकीच्या ठिणगीने पेटणारी)? कॅलिबर, म्हणजे नळीच्या भोकाची रुंदी, कोणतं? दारू कोणती? बंदूक आणि बाकीचं सामान मिळून सहाशे डॉलरपर्यंत खर्च करू शकतो. दुर्बीण लावायचीच असा हट्ट नाही.

ओहायोवासी

अभिनंदन! फार विचार करू नका. .५० कॅलिबरची, मधून मोडणारी (भरण्या-साफ करण्यासाठी दुमडून उघडणारी) इनलाइन घ्या. सीव्हीए वुल्फ किंवा ट्रॅडिशन्स बकस्टॉकर यांपैकी जी खांद्याला बरी बसेल ती. थोडे जास्त पैसे घालणार असाल तर सीव्हीए ऑप्टिमा, तिची नळी दोन इंच जास्त लांब आहे. २०९ प्रायमर, साधी दुर्बीण, झालं काम. आमच्याकडे जानेवारीत चार दिवसांचा मझललोडर सीझन असतो. कडाक्याच्या थंडीतही इनलाइनने मला दगा दिलेला नाही.

ब्लूमाउंटन

ओहायोत हे बरोबर आहे, पण पेनसिल्व्हेनियात आधी सीझन बघायचा आणि मग बंदूक. दुकानदार हे सांगत नाहीत म्हणून सविस्तर लिहितो.

आपल्याकडे मझललोडरला तीन संधी मिळतात. पहिली ऑक्टोबरमध्ये, फक्त माद्यांसाठी. त्यात इनलाइन, कॅप (बाजूच्या टोपीवर घोडा आपटून पेटणारी), फ्लिंट सगळं चालतं, दुर्बीणही चालते. दुसरी म्हणजे नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगनंतरचा मोठा फायरआर्म्स सीझन, त्यातही मझललोडर चालते. तिसरी नाताळनंतरची, २६ डिसेंबरपासून जानेवारीत जाणारी. ही फक्त फ्लिंटलॉकची. चकमकीची ठिणगी पडून रंजक (बाहेरच्या दाणीतली बारीक दारू) पेटली पाहिजे, आणि दुर्बीण चालत नाही. हा सीझन १९७४ पासून आहे आणि या राज्यातले शिकारी त्याला फार जपतात. ऑक्टोबरच्या आणि नाताळनंतरच्या सीझनला मूळ लायसन्सवर वेगळं मझललोडर लायसन्स लागतं, ते विसरू नका. ऑक्टोबरसाठी तुमच्या युनिटचं, म्हणजे शिकार विभागाचं, मादीचं लायसन्सही लागेल.

म्हणजे फ्लिंटलॉक तिन्ही सीझनला चालते आणि इनलाइन दोनच. एकच बंदूक घ्यायची असेल तर माझं मत फ्लिंटलॉकला. नाताळनंतर रान रिकामं असतं, बर्फावर माग स्पष्ट दिसतो, आणि गोळीचा गडगडाट दरीतून फिरून परत येतो. त्या दिवसांसाठी मी वर्षभर थांबतो.

ओहायोवासी

सीझनचा मुद्दा मान्य. पण फ्लिंटलॉकमध्ये चाप ओढल्यापासून गोळी सुटेपर्यंत क्षणभर वेळ जातो, आणि त्या क्षणात नवा माणूस हमखास हलतो. डोळ्यासमोर भपकारा होतो म्हणून मान फिरवतो. जखमी हरीण रात्रभर रानात पडून राहावं यासारखं वाईट काही नाही. नवख्याने आधी नीट मारायला शिकावं, परंपरा नंतर.

ब्लूमाउंटन

तुमची काळजी खरी आहे. म्हणूनच माझा आग्रह असतो की फ्लिंटलॉक घेणाऱ्याने उन्हाळाभर रेंजवर जावं आणि ५० यार्डांच्या पुढे विचारही करू नये. चांगलं लॉक (ठिणगी पाडणारी यंत्रणा), धारदार चकमक आणि कोरडी रंजक असेल तर तो उशीर फार कमी होतो. चेस्टरकर, एक विचारायचं राहिलं. बंदूक कोणत्या खांद्याला लावता?

चेस्टरकर

डाव्या. मी पक्का डावखुरा आहे, आणि नेम धरणारा डोळाही डावाच. चष्मा आहे.

ब्लूमाउंटन

मग माझा सल्ला बदलतो. नेहमीच्या फ्लिंटलॉकचं लॉक उजव्या बाजूला असतं. डाव्या खांद्याला लावली की रंजकदाणी तोंडासमोरच येते, आणि ठिणग्या व धूर चेहऱ्याच्या अंगाने उडतात. सराव झालेले काही डावखुरे तशीही वापरतात, पण शिकायची सुरुवात त्यावर करू नये, कारण एकदा मान चोरायची सवय लागली की ती मोडायला वर्षं जातात. डाव्या लॉकच्या बंदुका मिळतात, पण कमी मिळतात आणि चांगलीला तुमच्या बजेटपेक्षा बरेच जास्त पैसे पडतील.

तेव्हा यंदा मधून मोडणारी इनलाइन घ्या. तिचा घोडा मध्यभागी असतो, डावा-उजवा असा भेद नाही. दुर्बीण लावणार असाल तर घोड्याला बाजूला निघालेला छोटा दांडा बसवून मिळतो, तो डाव्या बाजूला लावून घ्या. तीनशेच्या आसपासची बंदूक बघा आणि उरलेले पैसे दारू, गोळ्या आणि सरावावर घाला. फ्लिंटलॉकची आवड लागली तर डाव्या लॉकची नंतर शोधू, मी मदत करीन.

.५० कॅलिबरच घ्या, त्याचं सामान सगळीकडे मिळतं. नळीच्या पिळाकडे, म्हणजे गोळीला फिरवणाऱ्या आतल्या खाचांकडे, लक्ष द्या. आजच्या इनलाइनला साधारण २८ इंचांत एक फेरा असतो. तो प्लास्टिकच्या टोपणातल्या लांबट गोळीसाठी, म्हणजे सॅबोसाठी, आणि कॉनिकलसाठी, म्हणजे टोपणाशिवायच्या लांबट गोळीसाठी, योग्य. कापडात गुंडाळलेली गोल गोळी मारायची तर पिळ बराच सैल लागतो, ६० किंवा ६६ इंचांत एक फेरा. दुकानात कुणी म्हणालं की याच नळीतून सगळंच छान जातं, तर फारसं मनावर घेऊ नका.

दारूचं: नेहमीच्या काडतुसांतली बिनधुराची दारू या बंदुकीत कधीही, चिमूटभरसुद्धा घालायची नाही. नळी फुटते, हात जातात. तुमच्यासाठी काळ्या दारूचे पर्याय: पायरोडेक्स, ट्रिपल सेव्हन किंवा ब्लॅकहॉर्न २०९. ही दारू वजनाने नाही, मापट्याने मोजतात. दाबलेल्या वड्यांच्या रूपातही मिळते, पण मी सुटी घ्यायला सांगेन. मापट्यावरच्या ८० ग्रेनच्या खुणेपासून सुरू करा, पाच-पाचने वाढवत जा आणि गोळ्या एकाजवळ एक पडायला लागल्या की थांबा. बंदुकीच्या पुस्तिकेतली कमाल मर्यादा ओलांडू नका. हरणाला ८०-९० भरपूर होतात, जास्त दारूने फक्त खांदा दुखतो. पुढेमागे फ्लिंटलॉक घेतलीत तर तिला खरी काळी दारूच लागेल. हे पर्याय पेटायला जास्त उष्णता मागतात, नुसत्या ठिणगीवर भरवसा ठेवता येत नाही.

माळरान

मी न्यू जर्सीत असते, म्हणून कायद्याचं थोडं लिहिते. फेडरल कायद्यात, म्हणजे १९६८ च्या गन कंट्रोल ॲक्टनुसार, बहुतेक मझललोडर 'अँटिक' समजल्या जातात आणि नेहमीच्या बंदुकीसारखा फॉर्म भरावा लागत नाही. पण राज्यांचं वेगळं असतं. आमच्याकडे मझललोडर घ्यायलाही फायरआर्म्स आयडी कार्ड लागतं. शिवाय ज्या बंदुकीच्या सांगाड्यावर सेंटरफायरची नळी चढवता येते, ती फेडरल कायद्यातही पूर्ण बंदूकच धरली जाते.

आपल्यातल्या बऱ्याच जणांना लागू होणारी गोष्ट म्हणजे व्हिसा. एच-वन-बीसारख्या व्हिसावर असलेल्यांना बंदूक किंवा काडतुसं बाळगायला फेडरल कायद्याने मनाई आहे. वैध शिकारी लायसन्स असेल तर त्याला अपवाद आहे, पण ते लायसन्स चालू असलं पाहिजे, मुदत संपलेलं नाही. ग्रीन कार्डाच्या रांगेत असाल तर खरेदीआधी वकिलाशी एकदा बोला. 'अँटिक आहे, चालतं' असं मित्राने सांगितलं म्हणून पुढे जाऊ नका.

दोडामार्ग

धागा वाचून आनंद झाला. आमच्या सिंधुदुर्गात शेतसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीच्या बंदुका अजून घरोघरी दिसतात. निवडणूक आली की त्या पोलीस ठाण्यात जमा होतात. मी लहानपणापासून वडिलांना ती भरताना पाहिलं. (गावाकडच्या वाचकांसाठी: भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला बंदी आहे. इथे चाललं आहे ते अमेरिकेतल्या लायसन्सच्या शिकारीबद्दल.)

वडील गजावर (गोळी ठासायच्या काठीवर) दोन खुणा करून ठेवायचे. एक रिकाम्या नळीची, दुसरी पूर्ण भरलेल्या नळीची. चेस्टरकर, पहिल्याच दिवशी हे करा. गज आत घातला की लगेच कळतं की बंदूक रिकामी आहे, भरलेली आहे, की चुकून दोनदा भरली आहे. गोळी दारूवर टेकेपर्यंत ठासायची, मध्ये पोकळी राहिली तर नळी फुगते किंवा फुटते. पूर्ण गेली की नाही तेही दुसरी खूणच सांगते.

आणि दारू कधीही डब्यातून थेट नळीत ओतायची नाही. आत एखादी ठिणगी धुमसत असेल तर हातातला सगळा डबा पेटतो. आधी मापट्यात, मग नळीत.

ब्लूमाउंटन

दोडामार्ग यांनी फार मोलाचं लिहिलं. त्यात भर: चाप ओढला आणि बार झालाच नाही, तर नळी लक्ष्याकडेच धरून किमान मिनिटभर थांबा. उशिराने उडू शकतो. दिवसाची पहिली गोळी भरण्याआधी एकदोन प्रायमर नुसतेच उडवा, म्हणजे आतलं तेल जळून वाट मोकळी होते. गाडीत ठेवण्याआधी प्रायमर काढायचाच, इथे नियमही तसाच आहे.

चेस्टरकर

सगळ्यांचे मनापासून आभार. इनलाइन नक्की. एका दुकानात जुनी सीव्हीए इनलाइन शंभर डॉलरला आहे. घ्यावी का? आणि साफसफाई खरंच इतकी कटकटीची असते का?

ओहायोवासी

जुनी घेताना दोन गोष्टी. १९९५ आणि १९९६ मध्ये बनलेल्या काही सीव्हीए इनलाइन कंपनीनेच परत मागवल्या होत्या. सिरीयल नंबरचे शेवटचे दोन आकडे ९५ किंवा ९६ असतील तर हात लावू नका, फुकट मिळाली तरी नको. आजच्या सीव्हीएचा त्याच्याशी संबंध नाही. दुसरं, ब्रीच प्लग (नळीचं मागचं बूच) तुमच्यासमोर काढायला सांगा आणि नळीतून उजेडाकडे बघा. खड्डे दिसले किंवा प्लग गंजून बसलेला असेल तर परत ठेवून द्या.

साफसफाई कटकटीची नाही, पण उद्यावर टाकायची नाही. पायरोडेक्स आणि ट्रिपल सेव्हनची राख हवेतलं पाणी ओढते, रात्रभरात गंज धरू लागते. प्लग काढा, गरम साबणाच्या पाण्याने नळी पुसा, कोरडी करा, हलकं तेल लावा. प्लगच्या आट्यांना ग्रीस लावूनच परत बसवा, नाहीतर पुढच्या वेळी निघणार नाही. ब्लॅकहॉर्न वापरलीत तर पाणी नको, सॉल्व्हंट वापरा. ती कमी त्रास देते, पण महाग आहे आणि तिला २०९ प्रायमर व मोकळा ब्रीच प्लग लागतो. तुमच्या मॉडेलच्या प्लगवर ती पेटते का ते आधी विचारून घ्या.

माळरान

अंतराबद्दल कुणी बोललं नाही. हरणाचं हृदय आणि फुप्फुसं मिळून आठेक इंचांची जागा असते. तेवढी कागदी पाई प्लेट लावा. ज्या अंतरावर प्रत्येक गोळी तिच्यात पडते ते तुमचं अंतर, मग खोक्यावर कंपनीने काहीही छापलेलं असो. मक्याच्या बांधावर बसून शंभर यार्ड पुरतात. वस्तीच्या घरापासून १५० यार्डांच्या आत बंदूक चालत नाही, चेस्टरसारख्या दाट वस्तीत हे मोजूनच जागा ठरवा.

बार झाल्यावर धुरात काही क्षण हरीण दिसत नाही. उठून धावू नका. ते शेवटचं कुठे उभं होतं ते झाड मनात पक्कं करा, पुन्हा बंदूक भरा, अर्धा तास थांबा आणि मग रक्ताच्या मागावर जा.

चेस्टरकर

शेवटचा प्रश्न. घरी दोन लहान मुलं आहेत. मांस त्यांना द्यायला हरकत नाही ना?

माळरान

मुलांसाठी शिशाची गोळी टाळा. तिचे बारीक कण जखमेपासून बरेच दूर मांसात पसरतात. बार्न्सच्या पूर्ण तांब्याच्या गोळ्या सॅबोत मिळतात, थोड्या महाग आहेत, आम्ही त्याच वापरतो. पेनसिल्व्हेनियात २०१२ पासून सीडब्ल्यूडी हा हरणांचा रोग सापडतो आहे. तुमची जागा त्या रोगाच्या व्यवस्थापन क्षेत्रात येते का ते गेम कमिशनच्या (राज्याच्या शिकार खात्याच्या) नकाशात बघा, तपासणीसाठी डोकं द्या आणि निकाल येईपर्यंत मांस फ्रीझरमध्येच ठेवा. जास्त झालं तर 'हंटर्स शेअरिंग द हार्वेस्ट'शी जोडलेल्या खाटकाकडे द्या, ते गरजूंच्या अन्नछत्रांत जातं.

ब्लूमाउंटन

चेस्टरकर, ऑक्टोबरला वेळ आहे. बंदूक आली की कळवा, तुमच्या बाजूच्या एखाद्या रेंजवर शनिवारी सकाळी भेटू. माझी फ्लिंटलॉकही आणतो, पण तुम्ही ती फक्त बघायची, झाडायची नाही. सुरक्षा चष्मा आणि कानाचे मफ तुमचे तुम्ही आणा, बाकी मापटं, गज, चिंध्या माझ्याकडे आहेत.