कॉपी संपली म्हणजे लिहून झालं असं नाही
कॉपी १०० टक्के दाखवल्यावर लगेच पेन ड्राइव्ह उपसला आणि फाइल रिकामी निघाली, असं तुम्ही म्हणताय. लिनक्सवर यात नवल काहीच नाही. कॉपी किती झाली ते दाखवणारी पट्टी डेटा रॅममध्ये पोचला की पुढे सरकते. डिस्कवर उतरवायचं काम कर्नल (लिनक्सचा गाभा) मागाहून, सवडीने करतो. मूळ सेटिंगमध्ये तो दर ५ सेकंदांनी जागा होतो आणि ३० सेकंदांपेक्षा जुनं झालेलं तेवढं लिहायला काढतो. रॅम भरपूर आणि पेन ड्राइव्ह संथ, की बराच माल मध्येच अडकलेला असतो. म्हणून आधी टर्मिनलमध्ये 'सिंक' (sync) मारा, म्हणजे अडकलेलं सगळं उतरवायचा हुकूम द्या. प्रॉम्प्ट (पुढच्या हुकमाची वाट बघणारी खूण) परत येईपर्यंत थांबा, मग अनमाउंट करा, म्हणजे ड्राइव्ह रीतसर सोडवा. (जुने युनिक्सवाले तीनदा मारायचे, कारण तिथे सिंक काम पूर्ण व्हायच्या आतच परतायचा. लिनक्सवर एकदा पुरे. माझा हात अजून दोनदा जातोच.)

प्रोग्राम लिहीत असाल तर 'राइट' (फाइलमध्ये लिहायचा कॉल) यशस्वी झाला यावर विसंबू नका, 'एफसिंक' (fsync, त्या एका फाइलपुरता सिंक) करा. नवी फाइल असेल तर तिच्या डिरेक्टरीवरही. आणि एफसिंकने एरर दिली तर तोच पुन्हा मारून बघू नका! २०१८ मध्ये पोस्टग्रेस या डेटाबेसवाल्यांच्या लक्षात आलं, की लिखाण फसल्यावरही कर्नल रॅममधली ती पानं (डेटाचे तुकडे) 'स्वच्छ', म्हणजे लिहून झालेली, ठरवून मोकळा होतो. दुसरा एफसिंक मग खुशाल यशस्वी होतो, डेटा मात्र डिस्कवर गेलेलाच नसतो. तेव्हापासून पोस्टग्रेस अशा वेळी मुद्दाम सरळ कोसळतो आणि लॉगवरून (बदलांच्या वेगळ्या नोंदवहीवरून) सगळं पुन्हा उभं करतो. उपाय अघोरी वाटेल, पण मला पटलेला.