ऑनलाइन बुद्धिबळ कुठे खेळावं? (बजेट वर्षाला १५०० रुपये)

कृष्णाकाठची
शाळेत असताना जिल्हा पातळीपर्यंत खेळले आहे. मग नोकरी, संसार, आणि पट माळ्यावर. आता रात्री नऊनंतर तासभर मोकळा मिळतो. जगभरातल्या लोकांशी खेळायचंय. फोन साधा आहे, नेट मध्येच जातं. कुठे खेळू? पैसे भरण्यात अर्थ आहे का? नेट गेलं तर डाव जातो का? आणि अनोळखी लोकांच्या गप्पा बंद करता येतात का? १५०० च्या वर एक रुपया घालणार नाही. "कॉम्प्युटरशी खेळा" असं कृपया सांगू नका.

अडीचघरे
लीचेस ही साइट. विषय संपला. २०१० पासून चालू आहे, एका फ्रेंच प्रोग्रॅमरने सुरू केलं. जाहिराती नाहीत, सगळं फुकट, डाव संपल्यावर स्टॉकफिश या बुद्धिबळाच्या प्रोग्रॅमकडून चुका काढून मिळतात त्याही फुकट. १५०० उरलेच तर त्यांना देणगी द्या.

लोकलमधला वजीर
चेस डॉट कॉम घ्या, आणि घेताय तर सरळ डायमंड हे पैसे भरून मिळणारं सदस्यत्व घ्या. फुकट खात्यात डावाचं परीक्षण आणि कोडी मोजकीच मिळतात, मजा नाही. बजेट थोडं ताणा ताई, वर्षातून एकदाच तर भरायचंय. मी कर्जत ते सीएसएमटी रोज खेळतो.

अडीचघरे
जे लीचेसवर फुकट आहे त्याला पैसे का द्यायचे?

लोकलमधला वजीर
कारण गर्दी तिकडे आहे.

टोरांटोकर
दोघेही मुद्दा सोडून बोलताय. फोनवर बुद्धिबळ म्हणजे चहाच्या फोटोवर तहान भागवणं. मी सेन्सरवाला लाकडी पट घेतला. सोंगटी हलवली की चाल ब्लूटूथने आपोआप जाते. किंमत डॉलरमध्ये विचारा, रुपयांत नको. रुपयांत सांगितली तेव्हा सौ. आठवडाभर बोलली नव्हती. पण वस्तू एक नंबर.

रागीट उंट
ऑनलाइनच्या भानगडीत पडूच नका. सगळा फसवाफसवीचा मामला. परवा एका तुर्कस्तानवाल्याने माझं प्यादं रिकाम्या घरात जाऊन मारलं! माझं प्यादं शेजारच्या घरात उभं, आणि हा तिरका येऊन ते उचलून मोकळा. तक्रार केली, उत्तर नाही.

अडीचघरे
उंटराव, तुमचं प्यादं पहिल्या चालीला दोन घरं गेलं होतं का?

रागीट उंट
गेलं होतं. मग?

अडीचघरे
मग त्याला "एन पासाँ" म्हणतात. दोन घरं उडी मारून शेजारी आलेलं प्यादं, ते एकच घर गेलंय असं समजून मारता येतं, फक्त लगेचच्या चालीत. तुर्कस्तानवाला बरोबर होता.

निवांत नाना
आमच्या देशी नियमांत प्यादं एकच घर जायचं, त्यामुळे ही कटकटच नव्हती. राजाला एकदा घोड्याची चालही मिळायची. कुठे गेले ते दिवस. असो. ताई, घाईचे डाव खेळू नका. आम्ही पोस्टकार्डावर खेळायचो, एक डाव वर्ष वर्ष चालायचा. तसे सावकाश डाव दोन्हीकडे आहेत, एका चालीला तीन दिवस घेता येतात. तुमच्या नेटला तेच झेपेल.

रागीट उंट
पोस्टकार्डावर खेळताना घरात पुस्तक उघडून बसायचात ना नाना?

निवांत नाना
पुस्तक तेव्हाही चालायचं, आताही चालतं. सावकाश डावात सुरुवातीच्या चालींची पुस्तकं बघायला परवानगी असते. इंजिन, म्हणजे चाली सुचवणारा प्रोग्रॅम, वापरलं तर मात्र खातं बंद.

ऑरेंजसिटी
आमच्या नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये बातुमीला महिला विश्वचषक जिंकला, अंतिम फेरीत कोनेरू हंपीला हरवून. त्याच विजयाने ग्रँडमास्टर झाली. सांगून ठेवतो.

लोकलमधला वजीर
अभिनंदन. पण धागा काय आहे?

स्वाती_नाशिक
मूळ प्रश्न कुणी वाचले का? ताई, नेट गेलं की घड्याळ चालूच राहतं. वेळेत परत आलात तर डाव जिथे होता तिथून पुढे सुरू होतो. फार वेळ गायब राहिलात तर समोरचा विजय मागू शकतो. म्हणून १५+१० लावा, म्हणजे पंधरा मिनिटं आणि प्रत्येक चालीला दहा सेकंद वाढीव. गप्पांसाठी लीचेसवर झेन मोड आहे, त्यात गप्पाही दिसत नाहीत, रेटिंगही (खेळाडूची ताकद सांगणारा आकडा) नाही. छोट्या स्क्रीनवर बोट चुकतं, तेव्हा "चाल नक्की करा" ही सेटिंग चालू ठेवा. रात्री नऊला युरोपात दुपार उलटलेली असते, माणसं भरपूर मिळतात. आणि लीचेसचं रेटिंग १५०० पासून सुरू होतं, चेस डॉट कॉमचा आकडा साधारण त्याहून कमी दिसतो. दोन्हींची तुलना करून रडू नका. समोरचा फसवत होता असं सिद्ध झालं तर गेलेले गुण परत मिळतात.

चौकटीतला
लीचेस बघा, फुकट आहे. कुणी सांगितलं नाही म्हणून लिहितोय.

टोरांटोकर
पट घ्यायचा असेल तर मला मेसेज करा. नवीन मॉडेल आलंय, जुना विकायचा आहे.

कृष्णाकाठची
सगळ्यांचे आभार, स्वातीताईंचे जास्त. लीचेसवर खातं काढलं, झेन मोड चालू केला. पण १५+१० नाही जमत, समोरचा विचार करत बसला की माझं लक्ष कुकरकडे जातं. ३+२ खेळते. काल एका ब्राझीलवाल्याला वजीर देऊन मात केली. नेट गेल्यामुळे बरेच डाव घालवले, तरी हेच आवडलं. "चाल नक्की करा"ही बंद केलं, त्यात वेळ जातो. १५०० ची नवी पैठणी पर्स घेतली.

निवांत नाना
मग विचारलंत कशाला?

रागीट उंट
तीन मिनिटांत काय बुद्धिबळ होतं? आणि ते एन पासाँ सेटिंगमधून बंद करता येतं का, कुणी सांगेल?