इनोव्हाच्या पॉवर स्टिअरिंगमध्ये कोणतं ऑइल घालावं?

वळणघाट:
गाडी २०११ ची इनोव्हा, डिझेल. सकाळी गाडी काढताना पूर्ण कट मारला की कुंईऽ असा आवाज येतो, गरम झाल्यावर कमी होतो. पॉवर स्टिअरिंगच्या ऑइल टाकीतली पातळी ‘कोल्ड’च्या खालच्या खुणेच्याही खाली गेलीय आणि ऑइल काळपट झालंय. दुकानदाराने तीन बाटल्या दाखवल्या: डेक्स्रॉन ३ (डेक्स्रॉन म्हणजे जनरल मोटर्सचं ऑइलचं मानक) चं लाल एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल, डेक्स्रॉन ६ आणि हिरवं सिंथेटिक. हिरवं सगळ्यात महाग, म्हणून तेच चांगलं असं त्याचं म्हणणं. कोणतं घेऊ? आहे त्यातच भर घातली तर चालेल?

तेरा_चौदा_पाना:
हिरवं घेऊ नका. ते फोक्सवॅगन, स्कोडा वगैरे गाड्यांसाठीचं ऑइल. महाग आहे ते त्या सिस्टिमसाठी, तुमच्यासाठी नव्हे. एटीएफमध्ये ते मिसळलं तर फेस होऊ शकतो आणि सीलही बिघडू शकतात.

तुमच्या इनोव्हाच्या पुस्तिकेत डेक्स्रॉन २ किंवा ३ लिहिलंय. त्यातलं ३ घ्या. जनरल मोटर्सने त्याचं लायसन्स २००६ अखेर बंद केलं, त्यामुळे आजच्या बाटलीवर ‘डेक्स्रॉन ३ साठी योग्य’ एवढंच असतं. म्हणजे भरवसा फक्त ऑइल कंपनीच्या शब्दावर, तेव्हा नावाजलेल्या कंपनीचंच घ्या, सुटं नको. डेक्स्रॉन ६ मिसळलं म्हणून काही फाटत नाही, पण ते पातळ असतं. जुन्या, झिजलेल्या पंपाला पातळ ऑइल देण्यात फायदा नाही.

आणि रंगावर जाऊ नका. रंग वरून घातलेला असतो, त्यावरून ऑइल कोणत्या मानकाचं आहे ते ठरत नाही.

वळणघाट:
म्हणजे लाल डेक्स्रॉन ३. किती लागेल?

तेरा_चौदा_पाना:
नुसती भर घालायची तर पाव लिटरही पुरेल. पण काळं झालंय तर बदलाच, दोन लिटर आणा.

इंजिन बंद. मेडिकलमधली ५० मिलीची सिरिंज आणि नळीचा तुकडा घेऊन टाकी उपसा, नवीन भरा. इंजिन चालू करून स्टिअरिंग दोन्ही बाजूंना चार-पाच वेळा फिरवा, बंद करा, पुन्हा उपसा. टाकीत ३०० मिली आणि अख्ख्या सिस्टिममध्ये लिटरभर धरलं, तर एका फेरीत जेमतेम तीस टक्के बदलतं. पाच फेऱ्यांनंतर जुनं सतरा टक्क्यांच्या आसपास उरतं. शेवटच्या कडेला स्टिअरिंग पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरू नका, पंप तापतो. काढलेलं ऑइल गॅरेजच्या जळक्या ऑइलच्या पिंपात द्या.

हवा धरली असेल तर पुढची चाकं जॅक-स्टँडवर उचलून, इंजिन बंद ठेवून, स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश वीसेक वेळा फिरवा. टाकी रिकामी होऊ देऊ नका.

गळका_सील:
ऑइलची निवड बरोबर, पण पातळी उतरली कुठे? ही बंद सिस्टिम आहे, ऑइल खात नाही. रॅकच्या, म्हणजे पुढची चाकं वळवणाऱ्या दातेरी दांडीच्या, दोन्ही टोकांचे रबरी बूट दाबून पाहा. आत ओलं लागलं तर रॅकचं सील गेलं. नंतर पंपाची पुली आणि प्रेशर होजचा दाबून बसवलेला जोड.

कुठेच ओल नाही आणि टाकीत फेस दिसतोय, तर टाकीकडून पंपाकडे जाणाऱ्या जाड होजचा क्लॅम्प बघा. तिथून ऑइल बाहेर न येता हवा आत ओढली जाते. टाकीतल्या जाळीत चिखल बसला असेल तरी थंड, घट्ट ऑइल पंपाला कमी मिळतं आणि नेमका सकाळचाच आवाज येतो. ‘लीक बंद करणारं’ औषध टाकू नका. सील फुगवून चार दिवस दाबतं, मग सगळीच सील मऊ पडतात.

निळी_स्विफ्ट:
माझ्या स्विफ्टमध्ये ही टाकीच सापडत नाही.

तेरा_चौदा_पाना:
नसतेच. तुमचं स्टिअरिंग इलेक्ट्रिक आहे, त्यात ऑइल लागत नाही. टाकी शोधता शोधता ब्रेक ऑइलच्या टाकीत एटीएफ ओतू नका. मास्टर सिलिंडरची रबरं फुगून ब्रेक जाम होतात. उलटही तितकंच वाईट: स्टिअरिंगमध्ये ब्रेक ऑइल पडलं तर गाडी चालू न करता आधी टाकी उपसायची.

वळणघाट:
जाड होजचा क्लॅम्प बोटाने फिरतोय.

गळका_सील:
मग नवीन क्लॅम्प टाका, हवा काढा आणि आवाज गेला का ते उद्या सकाळी थंड गाडीवरच तपासा.